गुळासकट वजन

॥ श्री ॥

सावेडी, अहिल्यानगर
५ जानेवारी २०२५

ती. अंबिकाआत्यास,
मनवाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. पोस्टमनकाकांनी ते बाबांच्या हातात देताना विचारलं म्हणे, की राजूरला अजून मोबाईल पोचले नाहीत का. बाबा म्हणाले, राजूरपर्यंत पोचलेत, फक्त आमच्या बहिणीच्या कानापर्यंत पोचलेले नाहीत. दिवाळीत आणून दिलेलं कानाचं यंत्र तू साखरेच्या डब्यामागे ठेवून दिलंयस हे मला ठाऊक आहे. तक्रार करत नाही. त्या यंत्राच्या कृपेने मला महिन्यातून दोनदा पत्र लिहायला बसावं लागतं, आणि खरं सांगू, त्यानेच डोकं ताळ्यावर राहतं.

तू विचारलंस की मी नेमकं काय करते. कारण तू शेजारच्या पुष्पावतीबाईंना सांगितलंस की भाची मशीनवर काम करते, आणि त्यांनी तुझ्याकडे दोन ब्लाउजपीस आणून दिले! ते परत कर. आमची मशीन शिवणाची नाहीत. ज्यांची मूत्रपिंडं थकली त्यांच्या अंगात पाणी साचतं. ते लोक आठवड्यातून दोन-तीनदा आमच्या डायलिसिस सेंटरला येतात, चार-चार तास पडून राहतात, आणि मशीन त्यांचं रक्त गाळून परत देतं. माणूस आला की आधी काट्यावर उभा करायचा. ठरलेल्या वजनापेक्षा जेवढं जास्त भरेल तेवढं अंगातलं पाणी. तेवढंच काढायला मशीनला सांगायचं. कमी काढलं तर घरी गेल्यावर दम लागतो, जास्त काढलं तर रक्तदाब कोसळतो. सगळी मदार त्या काट्यावर.

कामाचं म्हणशील तर माणसं थोडी आणि मशीन जास्त. एकाचा पाय वळला म्हणून धावावं तर तिकडे दुसऱ्याच्या मशीनची घंटा वाजते. डिप्लोमा करून आठ वर्षं झाली. तेव्हा शिकले ती मशीन आता भंगारात गेली. नवी आली ती जाडजूड इंग्रजी पुस्तकं घेऊन. कंपनीचा माणूस एका दुपारी येऊन भराभरा दाखवून गेला, तेवढंच आमचं शिक्षण. म्हणून फेब्रुवारीत पुण्याला तंत्रज्ञांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, त्याला एकाने जायचं असं डॉक्टरांनी ठरवलंय. आमचे सुनील सर, म्हणजे माझे वरिष्ठ, माझं नाव पुढे करतायत. पण तिथे प्रत्येकाने उभं राहून आपला एक अनुभव सांगायचा असतो. तो बहुधा इंग्रजीत. माझी आत्ताच बोबडी वळली आहे.

आमच्याकडे मिरजगावचे एक कानिफनाथभाऊ येतात. शेतकरी माणूस, अंगाने काटकुळे. बायको चांगुणाबाईंना घेऊन सोमवारी आणि गुरुवारी एसटीने येतात आणि दर खेपेला माझ्यासाठी काहीतरी आणतात. कधी मेथीची जुडी, कधी शेंगा, कधी हुरडा. सेंटरमध्ये मोठी पाटी आहे की रुग्णांकडून काहीही घेऊ नये. नाही म्हटलं तर त्यांचं तोंड एवढंसं होतं. शेवटी या गुरुवारी मी हळूच म्हटलं, भाऊ, आणू नका, आणि आणलंतच तर निदान सरांच्या नजरेस पडू देऊ नका. ते खूश झाले.

बाबा बरे आहेत. पत्राचं उत्तर लवकर दे आणि आहे तेवढी माया पुढेही ठेव.

तुझी,
मनवा


॥ श्री ॥

राजूर
९ जानेवारी २०२५

चि. मनवास,
अंबिकाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

ब्लाउजपीस परत केले. पुष्पावती आता अख्ख्या आळीत सांगत फिरते की मास्तरीणबाईंची भाची रक्त धुते. मी म्हटलं, हे पहिल्यापेक्षा बरं आहे.

यंत्र साखरेच्या डब्यामागे नाही, डाळीच्या डब्यामागे आहे. कानात घातलं की पातेल्यांचा आवाज देवळातल्या घंटेएवढा येतो, आणि माणसांचा मात्र येत नाही. तू माझ्याशी भांडू नकोस.

पुण्याचं ऐकून आनंद झाला. मी नोकरीत होते तेव्हा दर मे महिन्यात आम्हाला प्रशिक्षणाला धाडायचे. जाताना मी सगळ्या वरिष्ठांचा उद्धार करत जायची. पण कोपरगावच्या एका बाईंकडून मी चिंचोके मांडून भागाकार शिकवायला शिकले, आणि मग निवृत्त होईपर्यंत तेच वापरलं. आपल्यासारखं काम करणारी माणसं एका खोलीत बसली की काहीतरी हाती लागतंच. इंग्रजीचं मनावर घेऊ नकोस. मराठीत बोल. ऐकणारे काही विलायतेहून येणार नाहीत.

आपण एक ठरवू. तू पुण्याला गेलीस, तर मी ते यंत्र कानात घालीन. आता बघ तुला काय जमतं ते.

कानिफनाथभाऊंना माझा नमस्कार सांग. न बोलता उपकार फेडणारी माणसं मला आवडतात. इथले पेढे कुणी नगरला येणारं मिळालं की पाठवते. तुझ्या बाबांना, सुमंतला सांग, थंडी आहे, मफलर गुंडाळत जा.

इथे सर्व ठीक. तुझं चांगलं व्हावं हेच रोज मागणं.

आत्या


॥ श्री ॥

सावेडी, अहिल्यानगर
१५ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
मनवाचा शि. सा. न.

काल संक्रांत झाली. तुला तिळगूळही पाठवला नाही, कारण गूळ बघवत नाहीये. काय झालं ते सांगते.

सोमवारी, भोगीच्या दिवशी, कानिफनाथभाऊ आले. काट्यावर उभे राहिले, तर नेहमीपेक्षा दीड किलो जास्तच. मी विचारलं, भोगीची भाजी-भाकरी हाणून वर पाणी ढोसलं ना. ते नाही म्हणाले, पण मान खाली घालून हसले. मला वाटलं, चोरी पकडली गेली म्हणून हसतायत. मी चार लोकांसमोर त्यांना लटकं रागावले आणि जेवढं जास्त दिसत होतं तेवढं सगळं काढायला मशीनला सांगितलं.

दोन तास बरे गेले. पुढे त्यांच्या पायांत गोळे आले. घाम फुटला, ओठ पांढरे पडले, मान कलली. रक्तदाब बघितला तर लागतच नव्हता. मी पाणी काढणं बंद केलं, पाय वर उचलून धरले, सलाईन सोडलं, सुनील सरांना आणि डॉक्टरांना हाक मारली. छातीवरची बंडी सैल करायला घेतली, तर पोटाशी उपरण्यात घट्ट गुंडाळलेली गुळाची ढेप. संक्रांतीसाठी, माझ्यासाठी. सर जवळच होते म्हणून त्यांनी ती काट्यावर चढताना काढली नाही, आणि नंतर पांघरुणाखालीच ठेवली. मी गुळासकट वजन केलं होतं, आणि तो गूळ पाणी समजून त्या माणसाच्या रक्तातून काढत बसले होते.

सलाईन लागू पडलं. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले. पहिली गोष्ट काय विचारली असेल, तर सरांनी गूळ बघितला का.

संध्याकाळी त्यांचा मुलगा रविराज आला. सगळ्यांसमोर म्हणाला की इथे माणसं मारायचं शिकवतात का. जीपमध्ये घालून वडिलांना घेऊन गेला, आता दुसरीकडे नेतो म्हणाला. चांगुणाबाई दारात थांबून माझ्याकडे बघत होत्या.

डॉक्टरांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितलाय. गुळाचं लिहिलं तर रुग्णाची चूक असा शेरा पडेल आणि विषय मिटेल. माझी नोकरीही वाचेल. पण लपवून आणा असं मीच तर सुचवलं होतं! कागद समोर ठेवून बसले आहे, एक ओळही लिहून होत नाही.

बाबा म्हणतात, सोडून दे. पुण्यात अवधूतदादाच्या मित्राची लॅब आहे, तिथे बसून रिपोर्ट टाईप करायचं काम आहे. दादा म्हणतो, महिनाअखेरपर्यंत कळव. मी हो म्हणणार आहे बहुतेक. प्रशिक्षणाला जायचा तर प्रश्नच नाही. कुठल्या तोंडाने जाऊ? काल एका बाईंना सुई लावायचा मला धीर झाला नाही आत्या, सरांना बोलवावं लागलं.

तुझ्याशिवाय हे कुणाला लिहिणार.

मनवा


॥ श्री ॥

राजूर
२० जानेवारी २०२५

चि. मनवास,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. रडून झालं असेल तर पुढचं वाच, नसेल तर आधी रडून घे.

भाऊ वाचले. हे तू एका ओळीत उरकलंस, आणि बाकीचं पान स्वतःला बोल लावण्यात घालवलंस. पाय कुणी उचलले, सलाईन कुणी सोडलं? तूच ना? तेही त्या खुलाशात लिही.

आता मास्तरीण म्हणून एक विचारते, राग मानू नकोस. तुझ्या पत्रात काट्याने काय दाखवलं ते आहे, मशीनला काय सांगितलं ते आहे. त्या सकाळी भाऊ कसे दिसत होते, हे कुठेच नाही. तू त्यांच्याकडे बघितलं होतंस ना? मग काय दिसलं होतं? मला त्यातलं काही कळत नाही म्हणून विचारते.

आणि दुसरं. आमच्या राजूरच्या बाजारात तेलवाला आधी रिकामी बरणी तोलतो, मग तेल ओततो. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असलं तरी तोलतोच, त्यात कुणी कुणावर संशय घेत नाही. तुमच्याकडे रिकामी बरणी कोण तोलतं? भाऊंसारखे आणखी किती जण खिशात काही घेऊन काट्यावर चढत असतील, हे तू कधी विचारलंस का?

खुलासा खरा लिही. तू काय सुचवलंस तेही लिही. लॅबमध्ये जायचं तर खुशाल जा, पण घाबरून जाऊ नकोस. घाबरून सोडलेलं काम माणूस आयुष्यभर उशाशी घेऊन झोपतो. सुमंतला मी वेगळं पत्र लिहिते आहे, त्याला चार शब्द ऐकवायचे आहेत.

भाऊंची खबर कळली की लगेच कळव. माझाही जीव तिकडे लागला आहे.

तुझ्यावर होता तेवढाच विश्वास ठेवून असलेली,
आत्या


मिरजगाव
२८ जानेवारी २०२५

मनवाताईस,
कानिफनाथ भाऊचा रामराम.

ताई, मी बरा हाय. तुमी काळजी करत असाल म्हनून नातीला लिव्हाया बसवलं. रविराज तुमाला लई बोलला. त्यो पोरगा तापट हाय, पर बापावर जीव हाय म्हनून बोलला. त्येच्यावर राग धरू नका.

चूक माजी हुती. तुमी आनू नका म्हनला हुता. पर संक्रांत हुती, आन आमच्या घरच्या उसाचा गूळ हुता. तुमाला दिल्याबिगर आमाला तिळगूळ कसा गोड लागावा? काट्यावर चढताना माज्या ध्यानातच आलं न्हाई की गुळाचं बी वजन भरतंय. बाजारात हयात गेली माजी, आन येवढं कळलं न्हाई. मंडळी म्हनती, तुमी गाढव हाय.

आता रविराज दुसरीकडं नेतो. तिथं बी मशीन चांगली हायेत. मानसं वाईट न्हाईत. पर तिथं कुनी हात धरत न्हाई. डाक्टरनं मशीनसाठी माज्या डाव्या हातात शीर जोडली, तवा मी लई भ्यालो हुतो. पहिल्या दिशी तुमी माजा उजवा हात धरून डाव्या हातावर ठिवला, आन म्हनला, भाऊ, ही वाहत्या रगताची थरथर रोज सकाळी बघायची, ती हाय तवर काय बी भ्यायचं न्हाई. तवापासनं मी रोज उठल्या उठल्या बघतो. आज बी बघितली. हाय.

मला परत यायचं हाय. तुमी येऊ देता का? रविराजला मी सांगतो. तुमी सरांची परवानगी काढा.

मंडळींचा तुमाला नमस्कार. घराकडं माया असू द्या.

कानिफनाथ

ता. क. ताई, आजोबा जसं बोलले तसंच मी लिहिलं आहे. मी दुरुस्त करत होते, पण त्यांनी करू दिलं नाही. – ज्ञानेश्वरी, इयत्ता नववी


॥ श्री ॥

सावेडी, अहिल्यानगर
२ फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
मनवाचा शि. सा. न. वि. वि.

तुझ्या प्रश्नाने माझी झोप उडवली. मी आठवून बघितलं. त्या सकाळी भाऊंच्या पायांना सूज नव्हती. चपलेचा पट्टा सैल होता. काट्यावर चढताना धाप नव्हती, जिना चढून आले तरी बोलत होते. दीड किलो पाणी जास्त असतं तर यातलं काहीतरी दिसलं असतं. मी बघितलं होतं आत्या, पण काट्याने आकडा दाखवला आणि मी डोळ्यांवर विश्वास ठेवायचं सोडून दिलं. हे मला आठ वर्षांपूर्वी शिकवलेलं होतं. गर्दीत ते झिजून गेलं.

खुलासा लिहिला. गूळ, माझं ते सुचवणं, पाय, सगळं लिहिलं. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला. मग म्हणाले की पाटी लावताना लोक लपवून आणतील हा विचार त्यांनीही केला नव्हता. आणि पुण्याला हेच सांगा.

भाऊंचं पत्र आलंय. ते किती वेळा वाचलं ते विचारू नकोस. मी त्यांना उलट टपाली लिहिलं की चूक त्यांची नव्हती, पाय मी बघायला हवे होते, आणि सेंटर तुमचंच आहे. रविराज आणतो की नाही ते त्याच्या मनावर.

अवधूतदादाला फोन करून सांगितलं की पुण्याला येते आहे, पण मुक्कामापुरती. तो हसला. म्हणाला, आत्याचं पत्र आलं वाटतं.

डाळीच्या डब्यामागचं बाहेर काढून ठेव.

तुझ्या शब्दावर चाललेली,
मनवा


॥ श्री ॥

सावेडी, अहिल्यानगर
२५ फेब्रुवारी २०२५

ती. अंबिकाआत्यास,
मनवाचा शि. सा. न. वि. वि.

पेढे पोचले. त्यांचं काय झालं ते शेवटी सांगते, आधी पुणे.

पहिल्या दिवशी पाण्याच्या शुद्धीकरणावर आणि नव्या मशीनवर शिकवलं. जे पुस्तक मी दोन वर्षं घाबरून बाजूला ठेवलं होतं, ते एका बाईंनी एका सकाळी असं उलगडून दाखवलं की मला रडू येईल असं वाटलं. एवढं सोपं होतं, फक्त कुणी सांगायला नव्हतं. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली. मी इंग्रजीची दोन वाक्यं पाठ करून गेले होते. ती दोन झाली आणि गाडी थांबली. मग सरळ मराठीत म्हटलं की माझ्या हातून काय झालं ते सांगते, आणि गुळाची गोष्ट सांगितली.

आधी लोक हसले. पुढे एकेक जण वही काढून लिहायला लागला. मी खाली बसणार तेवढ्यात सांगलीचे एक जण उठले. त्यांच्याकडे एक आजी डायलिसिसच्या दिवशी घर बंद असतं म्हणून सगळे दागिने कमरेला बांधून येतात, हे त्यांना फार उशिरा कळलं होतं. मग आणखी एक ताई उठल्या, मग आणखी कुणी. कुणी काही बोललं नाही मला आत्या, कुणी नावं ठेवली नाहीत. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर लिहिलं, आधी पाय, मग श्वास, मग रक्तदाब, आणि मग काटा. इतकी वर्षं मला वाटायचं की असं फक्त माझ्याच हातून होतं. त्या खोलीतून बाहेर पडताना वाटलं, आता सुईसाठी सरांना बोलवावं लागणार नाही.

तुझ्या बरणीचंही जमवलं. आता काट्याशेजारी एक टोपली ठेवली आहे. काट्यावर चढण्याआधी सगळ्यांनी खिसे तिच्यात रिकामे करायचे, ओळखीचा असो नाहीतर नवा. पहिल्याच दिवशी टोपलीत काय निघालं सांगू? चाव्या, मोबाईल, तंबाखूची डबी, आणि त्याखाली चार पेरू, बोरांची पुडी, अळूच्या पानांची जुडी. सगळं आमच्यासाठी लपवून आणलेलं! सुनील सर डोक्याला हात लावून बसले. डॉक्टरांनी पाटी काढली नाही, पण आता ज्याला जे आणायचं ते उघड टोपलीत ठेवायचं, आणि बाहेर बसलेल्या नातेवाइकांत वाटायचं, असं ठरलंय.

आणि काल सोमवारी कानिफनाथभाऊ आले.

रविराजच घेऊन आला होता, चांगुणाबाईही बरोबर होत्या. तो हाताची घडी घालून उभा राहिला. मी भाऊंना खुर्चीत बसवलं, खाली बसले आणि त्यांचे दोन्ही पाय दाबून बघितले. श्वास ऐकला. रक्तदाब घेतला. रविराज हे सगळं बघत होता. मग मी म्हटलं, आता खिसे. भाऊंनी बंडीचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले, कमरेचा करदोडासुद्धा दाखवला. काही नव्हतं. ते म्हणाले की एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच रिकाम्या हाताने आलो, फार अवघडल्यासारखं वाटतंय. तेवढ्यात रविराज पुढे आला आणि त्याने स्वतःच्या खिशातला मोबाईल आणि जीपची चावी काढून टोपलीत ठेवली. त्याचं वजन करायचं नव्हतं आत्या. तरी ठेवली. मला सगळं पोचलं.

भाऊ काट्यावर चढले. आकडा आणि पाय एकच सांगत होते. मला एवढा आनंद झाला की मी तिथल्या तिथे तुझ्या पेढ्यांचा डबा उघडला, डॉक्टरांना विचारून एक पेढा अर्धा केला आणि भाऊंपुढे धरला. म्हटलं, तुमची संक्रांत राहिली होती, हा माझ्याकडून घ्या.

त्यांनी हात मागे घेतला. म्हणाले, ताई, आदी मला काट्यावरनं उतरू द्या.

रविराज हसला, चांगुणाबाई हसल्या, मी तर किती हसले आणि किती रडले ते माझं मलाच कळलं नाही. भाऊ जपून खाली उतरले, काट्याकडे एकदा वळून बघितलं, आणि मग दोन्ही हात पुढे करून पेढा घेतला.

आत्या, तुझे आभार मानले तर तू चिडशील, तरी मानते. तू मला सांभाळलंस.

येत्या रविवारी सकाळी फोन करते. यंत्र घालून बस. पातेली कुणाला आपटू देऊ नकोस. तुझा आवाज ऐकायचा आहे. लोभ आहेच, तो आता कानानेही कळू दे.

तुझीच,
मनवा